नळीने जेवणारी लेकरं: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या अंकात लहान मुलांच्या फिटवर लिहिताना मी सहज एक ओळ लिहिली होती, की ज्या लेकराला गिळता येत नाही त्याला नळीने खाऊ घालता येतं आणि ते घरीही करता येतं. त्या एका ओळीवर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. कोणी व्हॉट्सॲपवर बोलून पाठवलं, कोणी वहीच्या पानावर लिहून त्याचा फोटो पाठवला, एका बाईनं तर नळी लावलेल्या लेकराचा फोटो पाठवून खाली एवढंच लिहिलं, "ताई, बरोबर आहे का पाहा". म्हणून यावेळचं अख्खं सदर ह्याच विषयाला देतेय. नावं छापत नाही, तालुका तेवढा ठेवलाय. मी २६ वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात सिस्टर होते, डॉक्टर नाही, त्यामुळे तुमच्या लेकराला किती एमएल द्यायचं, कोणतं औषध द्यायचं हे तुमचे डॉक्टरच सांगतील. हाताने करायचं काम मात्र मी सांगू शकते.

प्रश्न: ताई, मायं पोरगं साडेतीन वर्षाचं आहे. जन्मल्यावर रडलं नोतं, आता त्याले सीपी (सेरेब्रल पाल्सी, मेंदूच्या इजेनं होणारं अपंगत्व) आहे म्हणून सांगतलं. खातानी ठसका लागे, दोनदा निमोनिया झाला, मंग नाकातून नळी टाकून घरी पाठवलं. दवाखान्यातून सुट्टी झाली त्या दिवशी कागदपत्रांच्या गडबडीत सिस्टरनं दहा मिनिटं शिकवलं. नळी बराबर पोटातच आहे का नाई हे मले कसं समजन? गावातल्या डॉक्टरनं सांगतलं का सिरींजनं हवा सोडून पोटावर कान लावा, गुडगुड आवाज आला म्हणजे झालं. मले रोज भेव वाटते. (एक आई, दारव्हा तालुका)

उत्तर: ताई, त्या गुडगुड आवाजावर विसंबू नका, हे सगळ्यात आधी सांगते. नळी अन्ननळीतच गुंडाळून बसली असली किंवा चुकून श्वासनळीत गेली असली तरी हवा सोडली की पोटावर आवाज येऊ शकतो. लेकराचं अंग ते केवढंसं, छातीतला आवाज पोटावर सहज ऐकू येतो. ब्रिटनच्या आरोग्य सेवेत २००५ सालीच ही पद्धत वापरू नका असं बजावून सांगितलं. आपल्याकडे अजून चालते, आणि मीही माझ्या सुरुवातीच्या वर्षांत ह्याच आवाजावर भरोसा ठेवून दूध द्यायची. एका रात्री आठ महिन्यांच्या बाळाला असाच आवाज ऐकून दूध सुरू केलं आणि दोन घोटांतच बाळ खोकायला लागलं, ओठाचा रंग बदलला, मी हात थांबवला म्हणून वाचलं, एक्सरेत पाहिलं तर नळी उजव्या फुफ्फुसाकडे गेलेली. त्या दिवसानंतर मी फक्त आवाजावर कधीच फीड दिलं नाही.

मग करायचं काय. नळी टाकली त्या दिवशी नाकपुडीजवळ नळीवर मार्करने खूण करून घ्यायची आणि बाहेर किती लांब राहिली ते मोजून भिंतीवर लिहून ठेवायचं. दर फीडच्या आधी ती खूण जागेवर आहे का पाहायची, दोन बोटं जरी सरकली असली तरी फीड नाही. मग तोंड उघडून बॅटरीच्या उजेडात पाहायचं, घशात नळी गुंडाळलेली तर नाही. मग सिरींजने नळीतून आतलं थोडं पाणी हळूच ओढायचं, एक-दोन एमएल पुरतं, आणि ते पीएच पट्टीवर (ॲसिड किती ते रंगाने दाखवणारी पट्टी) टाकायचं. पोटात ॲसिड असतं, त्यामुळे पट्टीवर ५.५ किंवा त्याच्या खाली आलं तर नळी पोटात आहे असं धरतात. पट्टी घेताना अर्ध्या-अर्ध्या आकड्याची मागा, १ ते १४ वाली शाळेतली पट्टी असते तिच्यावर ५ आणि ६ मधला रंग ओळखू येत नाही. तालुक्याच्या मेडिकलमध्ये नसेल तर त्यांना मागवून द्यायला सांगा, ते मागवून देतात. आधीच्या फीडचं दूध पोटात असलं तर आकडा वर येतो, म्हणून दोन फीडच्या मधे अंतर पाहिजे. आणि पोराला ॲसिडिटीचं औषध चालू असेल तर त्याच्यासाठी कोणता आकडा चालेल ते डॉक्टरांकडून कागदावर लिहूनच आणा.

पाणी आलंच नाही तर घाबरू नका, ते नेहमी होतं. पोराला डाव्या कुशीवर वळवा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, ओल्या फडक्याने तोंड पुसून घ्या, सिरींजने एक-दोन एमएल हवा हळूच सोडून परत ओढा (ही हवा नळीचं टोक मोकळं करायला, आवाज ऐकायला नाही). तरीही नाही आलं किंवा आकडा वरच राहिला तर फीड द्यायचं नाही आणि दवाखान्यात जाऊन एक्सरे काढायचा. एक वेळ उपाशी राहिलं तर पोट रिकामं राहील, पण फुफ्फुसात दूध गेलं तर ते जीवावर बेततं.

देताना पोराला मांडीवर अर्धवट बसवा, पाठीला उशी, डोकं उंच. सिरींजचा दांडा काढून टाका, नुसती नळकांडी जोडा, पोटापासून एक वीतभर उंच धरा आणि ओता, आपोआप उतरू द्या, वीस ते तीस मिनिटं लागली पाहिजेत. दांड्याने रेटायचं नाही, कितीही घाई असली तरी. आधी आणि नंतर थोडं उकळून गार केलेलं पाणी सोडायचं, किती ते डॉक्टर सांगतील, लहानाला ५ एमएल पण पुरतं. झाल्यावर अर्धा तास तरी आडवं करायचं नाही. मधेच खोकला आला, श्वास लागला, ओठ निळे झाले, तर नळी तिथल्या तिथे दुमडून फीड बंद, पोराला कुशीवर घ्या आणि १०८ ला फोन लावा.

आता एक प्रश्न मी तुम्हाला विचारते. हे सगळं तुमच्याशिवाय घरात कोणाला येतं? पत्रावरून तरी वाटतं की कोणालाच नाही. दिवसातून सहा वेळा फीड म्हणजे महिन्याला १८० वेळा, एकट्या बाईने, रात्रीची झोप मोडून. तुम्ही आजारी पडलात तर? सुट्टीच्या गडबडीत शिकलेलं कोणालाच लक्षात राहत नाही, मी स्वतः किती आयांना तसंच घाईत शिकवून पाठवलं असेल ह्याचं मला आता वाईट वाटतं. एक दिवस ठरवून परत त्या वॉर्डात जा, नवऱ्याला नाहीतर सासूला सोबत घ्या, सिस्टरसमोर दोघांनीही आपल्या हाताने तीन-तीन वेळा करून दाखवा, मोबाईलवर व्हिडिओ काढून घ्या. सिस्टर चिडली तरी चालेल, उठू नका.

प्रश्न: मुलगी ४ वर्षांची, मेंदूज्वरानंतर गिळता येत नाही, आठ महिने झाले नळी आहे. आम्ही दूध आणि वरणाचं पाणी देतो, दिवसातून सहा वेळा, एकदा पण चुकवत नाही, तरी वजन साडेनऊ किलोवरच आहे. डॉक्टरांनी पावडरचा डबा सांगितला, पण मी मजुरी करतो, डबा आठ दिवसात संपतो. घरचंच काही देता येईल का? (एक बाप, चिमूर तालुका)

उत्तर: दादा, वरणाचं पाणी बंद करा. आपल्याकडे आजारी माणसाला वरणाचं पाणी द्यायची जुनी रीत आहे आणि त्यामागे माया आहे हे मला माहीत आहे, पण त्या पाण्यात रंग आणि मीठ जास्त, डाळ तळाला. पोरीचं पोट एका वेळी ठराविकच घेतं, ती जागा तुम्ही पाण्याने भरताय. वजन न वाढायचं कारण बहुतेक हेच आहे, तुमच्या कष्टात काही कमी नाही.

हिशोब समजून घ्या म्हणजे घरात काय करायचं ते तुमचं तुम्हालाच कळेल. गाईचं दूध १०० एमएल म्हणजे साधारण ६५ कॅलरी. एक चमचा तेल, म्हणजे ५ एमएल, जवळपास ४५ कॅलरी. एक चमचा साखर २० कॅलरी. म्हणजे दुधात एक चमचा तेल नीट फेटून घातलं की तेवढ्याच जागेत ताकद दीडपटीच्या वर गेली. खूप कुपोषित पोरांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचं दुधाचं जे मिश्रण असतं, एफ-१०० म्हणतात, त्यात दूध, तेल आणि साखर हेच मुख्य, आणि १०० एमएलमध्ये १०० कॅलरी बसवलेल्या असतात. पण तेच सुरुवातीला देत नाहीत, आधी एफ-७५ देतात, ७५ कॅलरीचं, कारण फार वाळलेल्या पोराच्या अंगाला एकदम जड झेपत नाही, हृदयावर ताण येतो. म्हणून उद्यापासून सहाच्या सहा फीडमध्ये तेल ओतू नका. ग्रामीण रुग्णालयात किंवा जिल्ह्याच्या दवाखान्यात पोषण पुनर्वसन केंद्र असतं, तिथे पाच वर्षांच्या आतली पोरं घेतात, तुमची मुलगी चारची आहे म्हणजे अजून बसते, तिथली आहार सांगणारी ताई वजन पाहून किती पासून सुरू करायचं आणि किती दिवसांनी वाढवायचं ते लिहून देईल. आधी तिथे जा, वर्ष निघून जाऊ देऊ नका.

घरचं जेवण नळीतून देता येतं, आपल्या भागात कितीतरी घरं देतात. तांदूळ आणि मुगाची डाळ मऊ गिच्च शिजवायची, दूध आणि तेल घालायचं, मिक्सरमधून अगदी बारीक काढायचं आणि गाळणीतून एकदा, मग मलमलच्या फडक्यातून एकदा गाळायचं. अडचण एवढीच की हे घट्ट होतं आणि बारीक नळीतून, ६ किंवा ८ नंबरच्या, उतरत नाही, मग बाई त्यात पाणी घालते आणि परत वरणाच्या पाण्यासारखंच होतं. ह्याच्यावर एक जुनी आणि स्वस्त युक्ती आहे. गहू किंवा नाचणी रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून एक-दोन दिवसात मोड आणायचे, उन्हात खडखडीत वाळवायची, अगदी हलकी शेकायची आणि दळून डब्यात भरायची. जेवण शिजवून जरा कोमट झालं, म्हणजे बोट लावलं तर चटका बसेल पण भाजणार नाही एवढं, की त्यात हे पीठ छोटा अर्धा-एक चमचा घालून ढवळायचं. पाच-दहा मिनिटात घट्ट लापशी पातळ होते, डोळ्यासमोर होते. मोड आलेल्या धान्यात पिठूळपणा तोडणारा एक घटक तयार होतो, त्याचं हे काम, ताकद तेवढीच राहते आणि पाणी घालावं लागत नाही. पातळ झाल्यावर परत एक उकळी द्या, कारण ते पीठ कच्चं असतं. पीठ जास्त शेकलं, करपलं, तर तो घटक मरतो आणि मग काही होत नाही.

हे ज्वारीचं करू नका. आपल्याकडे घराघरात ज्वारी असते म्हणून मुद्दाम सांगते. ज्वारीची कोवळी धाटं खाऊन ढोरं दगावतात हे तुम्हा शेतात काम करणाऱ्यांना सांगायला नको, तेच विष ज्वारीच्या मोडातही तयार होतं. भाकरीची ज्वारी ठीक, मोडाची नको.

गाळून दिलेल्या जेवणात लोह, जीवनसत्त्वं कमी पडतात, त्याचं औषध डॉक्टरांकडून मागून घ्या. ज्या लेकरांना किडनीचा, हृदयाचा किंवा साखरेचा आजार आहे त्यांच्या आईबापांनी हे वाचून लगेच काही बदल करू नका, त्यांचं दूध, मीठ, पाणी सगळं मोजून असतं. आणि डब्याबद्दल, पावडर वाईट नाही, स्वच्छ असते, मापात असते, पण डबा पुरवायचा म्हणून जास्त पाणी घालून पातळ करणं हे मी फार घरात पाहिलंय, त्याने पोरगं हळूहळू उपाशी राहतं. परवडत असेल तर रात्रीच्या एका फीडला मापाने पावडर, बाकी घरचं, असंही चालवता येतं, डॉक्टरांना सरळ सांगा की आठ दिवसात डबा संपतो. लाजू नका दादा. वजन दर महिन्याला अंगणवाडीत करा आणि एकाच काट्यावर करा.

प्रश्न: आमच्याकडे फ्रीज नाही, उन्हाळ्यात लाईन पण जाते. सकाळी केलेलं दुपारी चालेल का? (अकोट तालुका)

उत्तर: नाही. थंडीच्या दिवसात केलेलं दोन तास, आणि आपल्या एप्रिल-मे मध्ये एक तास, त्याच्यावर उरलं तर टाकून द्यायचं, वास चांगला येत असला तरी. ४५ डिग्रीला दूध-भाताचं काय होतं ते आपण रोज पाहतो, आणि नळीतून जाताना जीभ नाही जी सांगेल की आंबलंय. म्हणून फ्रीज नसेल तर दर वेळी ताजं करा, थोडंच करा. तांदूळ-डाळ-नाचणी भाजून दळून कोरडं ठेवलं तर वेळेवर नुसतं शिजवायचं काम राहतं. लाईन जाते म्हणून मिक्सर बंद असेल तर भाजलेलं पीठ हाच उपाय, पाटा-वरवंटा नको, त्याच्यात कण राहतात आणि धुतला तरी नीट निघत नाही. सिरींज दर फीडनंतर साबणाच्या गरम पाण्याने धुवून फडक्यावर उलटी वाळत घाला, झाकून. आणि नवतप्यात दोन फीडच्या मधे साधं पाणी किती द्यायचं ते आत्ताच विचारून ठेवा, नळीवरचं लेकरू तहान लागली म्हणून मागत नाही. लघवी पिवळीधमक किंवा सहा-आठ तास झालीच नाही तर दवाखाना.

प्रश्न: नळी चोक झाली होती, भासऱ्यांनी बारीक तार घालून मोकळी केली, आता पुन्हा चोक होते. गोळ्या कुटून देते, त्याच्याने होत असेल का? आणि नळी किती दिवसांनी बदलायची? (एक आई, ब्रह्मपुरी तालुका)

उत्तर: तार परत कधीच नको. तारेने नळीला आतून भोक पडतं, आणि तार पुढे गेली तर पोटाला. भासऱ्यांनी मदत म्हणून केलं असेल, त्यांना रागावू नका, पण ही नळी आता बदलूनच घ्या.

चोक झाली की कोमट पाणी २० एमएल किंवा मोठ्या सिरींजमध्ये घ्या, छोट्या सिरींजने जोर फार पडतो आणि नळी फाटते. हळू सोडा, हळू ओढा, पंधरा-वीस मिनिटं थांबा, परत करा. नाही निघाली तर बदलायची. कोल्ड्रिंक टाकू नका, त्याने दूध अजून फाटतं.

हो, गोळ्यांनीच होत असेल. सगळ्या गोळ्या एकत्र कुटून जेवणात मिसळू नका. प्रत्येक गोळी वेगळी, अगदी भुकटी करून, पाण्यात विरघळवून द्यायची, दोन गोळ्यांच्या मधे थोडं पाणी. डॉक्टरांना म्हणा की ज्याचं सिरप मिळतं त्याचं सिरपच लिहा. पाकिटावर एसआर, सीआर, ईआर असं काही लिहिलं असेल तर ती गोळी कुटायचीच नाही, ती हळूहळू अंगात उतरायला बनवलेली असते, कुटली की सगळं औषध एकदम उतरतं. फिटच्या गोळ्यांत हे बरंच असतं म्हणून मेडिकलवाल्याला प्रत्येक गोळी दाखवून विचारा. फेनिटॉइन (फिटचंच एक औषध) चालू असेल तर फीडसोबत दिल्याने ते अंगाला कमी लागतं, मधे किती अंतर ठेवायचं ते विचारा.

नळीचं असं, साधी प्लास्टिकची नळी पोटातल्या ॲसिडने कडक होते, ती सहसा आठवड्याभरात बदलतात, सिलिकॉनची किंवा पॉलीयुरेथेनची महिनाभर आणि जास्तही चालते. किती दिवस ते पाकिटावर लिहिलेलं असतं, पाकीट फेकू नका. दर वेळी नाकपुडी बदलायची. स्वतः घरी नळी टाकायची तर आधी दवाखान्यात नीट शिकून, नाहीतर नाही. निघून आली रात्री तर ती लगेच जीवावरची गोष्ट नसते, पण फिटचं औषध चुकता कामा नये आणि वर्षाच्या आतलं बाळ जास्त वेळ उपाशी राहू शकत नाही, म्हणून सकाळची वाट पाहायची की निघायचं हे तुमच्या डॉक्टरांना आजच विचारून ठेवा.

प्रश्न: दीड वर्षं झालं नाकात नळी. मोठ्या दवाखान्यात पोटातून नळी टाकायला सांगतात. सासूबाई म्हणतात पोटाले भोक पाडलं का पोरगी कधीच तोंडानं खाणार नाही, आणि लोक काय म्हणतील. काय करावं? (एक आई, सडक अर्जुनी तालुका)

उत्तर: माझं स्पष्ट मत विचाराल तर डॉक्टरांनी सांगितलंय तर करून घ्या. नाकातली नळी महिना-दीड महिन्यासाठी असते, त्याच्यापेक्षा जास्त दिवस लागणार असेल तर पोटातून हा नेहमीचा सल्ला आहे. दीड वर्षं त्या लेकराच्या नाकाला, घशाला ती घासतेय, दर वेळी ओढून निघते, दर वेळी परत टाकताना पोरगी रडते, आणि घशात नळी असताना गिळायला शिकणं उलट अवघड जातं.

ही पद्धत काही कालची नाही. अमेरिकेत क्लीव्हलँडला डॉ. गॉडरर आणि डॉ. पॉन्स्की ह्यांनी १९७९ मध्ये पहिल्यांदा दुर्बिणीने अशी नळी बसवली, १९८० मध्ये त्यावर लिहिलं, आणि पहिला पेशंट एक तान्हं बाळच होतं. म्हणजे ती मुळात लेकरांसाठीच शोधलेली. त्याला पेग म्हणतात. पोट मोठं कापत नाहीत, तोंडातून दुर्बीण घालून पोटावर बोटाएवढ्या छोट्या जागेतून नळी बाहेर काढतात. भूल द्यावी लागते, जागा पिकू शकते, जागेभोवती लालसर मांस वाढू शकतं, हे धोके आहेत आणि ते डॉक्टरांकडून नीट समजून घ्या, उलट्या फार होत असतील तर ते आधी तपासायला लावा.

सासूबाईंना सांगा, तोंडाचा रस्ता बंद होत नाही. गिळायची तपासणी करणाऱ्यांनी परवानगी दिली तर पेग असतानाही तोंडाने चव देता येते, आणि पुढे पोरगी पोटभर तोंडाने खायला लागली तर नळी काढतात, भोक सहसा आपोआप भरून येतं. लोकांचं म्हणाल तर नाकातली नळी सगळ्यांना दिसते, पोटातली फ्रॉकखाली झाकलेली राहते. सासूबाईंना सोबत घेऊनच दवाखान्यात जा, तुम्ही घरी येऊन समजावण्यापेक्षा डॉक्टर समोर बसवून समजावतील ते बरं.

पेग झाल्यावर जागा रोज साबण-पाण्याने धुवून कोरडी करायची. आणि हे सगळ्यांनी लक्षात ठेवा, ती नळी निघून पडली तर सकाळपर्यंत थांबायचं नाही, भोक काही तासातच आकसायला लागतं. स्वच्छ फडकं ठेवा, पडलेली नळी सोबत घ्या आणि लगेच निघा, नवीन ऑपरेशन असेल तर स्वतः परत घालायचा प्रयत्न बिलकुल नाही.

खर्चाचं, आधी दिव्यांग प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढा. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, मतिमंदत्व किंवा एकापेक्षा जास्त अपंगत्व असेल तर राष्ट्रीय न्यासाची निरामय विमा योजना आहे, १ लाखापर्यंत, तिच्यात ओपीडी आणि थेरपी पण धरतात. ऑपरेशन महात्मा फुले योजनेत बसतं का ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा. जिल्ह्याच्या दवाखान्यात डीईआयसी म्हणून केंद्र असतं, २०१३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातलं, गिळायचं पाहणारे, फिजिओ वगैरे तिथे एका जागी मिळू शकतात. नागपूरला जायचंच झालं तर एम्समध्ये लहान मुलांच्या सर्जरी विभागात दाखवा.

प्रश्न: तोंडाने काहीच खात नाही तर दात घासायचे का? (वरोरा तालुका)

उत्तर: हो, दोन वेळा. न खाणाऱ्या तोंडात घाण जास्त साचते आणि तीच लाळेतून फुफ्फुसात जाते, निमोनियाचं ते एक मोठं कारण. मऊ ब्रश, पेस्ट अगदी नावाला, डोकं पुढे झुकवून, फडक्याने पुसत पुसत. तोंडाला हात लागायची सवयही राहते, नाहीतर पुढे चमचा जवळ आणला तरी पोरं ओकारी काढतात.

प्रश्न: मी मुलाचा आजा आहे, वय ६७. नातू ६ वर्षाचा, नळीवर आहे. सून एकटीच सगळं करते. आता कापूस वेचाचे दिवस आहे, तिले जा लागते, आणि दुपारच्या नळीसाठी वावरातून तीन किलोमीटर पायी येते अन् परत जाते. मले शिकाचं आहे पण हात थोडा थरथरते, चष्मा आहे. पोरगा म्हणते तुमच्याच्यानं नाई होत. मले जमन का? (मोर्शी तालुका)

उत्तर: आबाजी, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि शेजारच्या बाईलाही वाचून दाखवलं. एवढ्या सगळ्या पत्रांत दुसऱ्या कोणीतरी शिकायचं म्हटलेलं हे एकच पत्र. जमेल तुम्हाला.

थरथरणाऱ्या हाताने नळी टाकायची नाही, ते काम तुमचं नाहीच. दुपारचं एक फीड तुमचं. सिरींज हातात धरून बसायची गरज नाही, खाटेच्या वर खिळा ठोका, नाडीने दांडा काढलेली सिरींज टांगा, नातवाच्या पोटापासून वीतभर उंच, म्हणजे तुम्ही फक्त ओतायचं. ओतायला चोचीचं भांडं घ्या, किती ओतायचं तिथे त्या भांड्यावर आतापासूनच सुनेकडून नेलपॉलिशची रेघ मारून घ्या. पीएच पट्टीचा रंग चष्मा लावून, दारात उजेडात पाहायचा, घरातल्या पिवळ्या बल्बखाली रंग चुकतो. खूण सरकलेली दिसली, रंग जुळला नाही, पाणी आलं नाही, ह्यातलं काहीही झालं तर द्यायचं नाही, सुनेला फोन. थोडीशी शंका आली तरी थांबायचं, एका फीडला उशीर झाला तर चालतो. आणि फीड चालू असताना उठायचं नाही, दारात कोणी आलं तरी, टीव्ही नाही, विडी नाही.

तुमच्या मुलाला म्हणा, एका रविवारी त्यानेही शेजारी बसावं, रात्रीचं एक फीड त्याच्या नावावर करा, तो दिवसभर कामाला असतो हे खरं पण सूनही असतेच. नातवाला फीड देताना तुमचं ताट त्याच्या समोर घेऊन बसा, भाकरी-पिठल्याचा वास येऊ द्या, गोष्ट सांगा, त्यालाही कळू द्या की ही जेवायची वेळ आहे. त्याच्या तोंडात मात्र काही घालू नका, संत्र्याची फोड पण नाही, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय.

सुरुवातीला दोन दिवस नुसतं पाहा. मग चार दिवस सुनेला शेजारी बसवून तुमच्या हाताने द्या, तिने हात लावायचा नाही, फक्त चुकलं तर बोलायचं. सातव्या दिवशी तिला डबा बांधून वावरात जाऊ द्या, दुपारी यायचं नाही म्हणून सांगा. तिचा फोन आणि तुमचा फोन दोन्ही आदल्या रात्री चार्जिंगला लावा, लाईनचा भरोसा नाही.